राखीव-७

लिपोवेत्स, २ डिसेंबर २०१६

विटेक,

फोनवर तू ओरडलास आणि ठेवून दिलास. मी परत केला तर उचलला नाहीस. साखर कारखान्यातली मेल सध्या डायरेक्टर झारेम्बाची माणसं वाचतात, म्हणून कागदावर लिहिते आहे. फाडशील, पण आधी वाचशील. माझ्या भावाला मी एवढं ओळखते.

गेनेककाकांचा उजवा हात मनगटापासून गेला.

फोनवर सांगू दिलं नाहीस, आता ऐक. २५ तारखेला दुपारच्या पाळीत बीटाचा चोथा वाहून नेणाऱ्या मोठ्या स्क्रूत काहीतरी अडकलं. काका गेले. झाकणावरचा दिवा हिरवा होता. हिरवा म्हणजे स्क्रू थांबलाय, उघडा. लाल म्हणजे फिरतोय, लांब राहा. तो दिवा बसल्यापासून हाच माणूस प्रत्येक नव्या कामगाराला दंडाला धरून त्याच्याखाली उभा करतो आणि दोन्ही रंग पाठ करून घेतो. त्यांनी झाकण उघडलं, हात घातला, आणि स्क्रू फिरला.

चौकशी समिती म्हणते दिवा लालच असणार. नोंदीत स्क्रूची मोटर चालू दिसते, आणि समितीने दिवा तपासला तेव्हा तो शहाण्यासारखा वागला. अहवालाचा मसुदा तयार आहे, त्यात गेनेककाका आता 'कामगार एउगेनिउश रताय' आहेत: 'कामगाराचा निष्काळजीपणा.' गावात तर प्यायलेला होता इथपर्यंत मजल गेली आहे. तुझ्या बाप्तिस्म्याला तुला छातीशी धरून उभा राहिलेला हा माणूस, विटेक. आपल्या दोघांना टेस्टर धरायला शिकवणारा. अठ्ठावीस हंगामांत तो कधी हातमोजा विसरला नाही.

परवा मी प्रोग्राम उघडून बसले आणि मला सापडलं. पहिलीतल्या पोराला सांगावं तसं लिहिते, कारण हेच समितीला सांगायचं आहे आणि त्यांच्यातल्या एकालाही कंट्रोलरमधलं ओ की ठो कळत नाही.

ग्लोबल व्हेरिएबल म्हणजे चौकातला फळा. प्रोग्रामचा कुठलाही भाग त्यावर लिहितो, कुठलाही भाग वाचतो, आणि शेवटी जो लिहील त्याचंच खरं. हंगामात नवा फळा टांगता येत नाही. आपल्या त्या जुनाट कंट्रोलरमध्ये एक नवं व्हेरिएबल जाहीर करायचं तरी सगळं थांबवून प्रोग्राम पुन्हा भरावा लागतो, आणि कारखाना एकदा थांबला की पुन्हा रांगेला लागायला नऊ तास. सप्टेंबर ते जानेवारी थांबवायचं नाव काढलं तरी झारेम्बा अंगावर येतो. म्हणून ही शक्कल काढली होती. कोणी? तूच. हंगामाआधी वीस रिकामी व्हेरिएबल जाहीर करून ठेवायची, राखीव-१ पासून राखीव-२० पर्यंत. मध्येच गरज पडली की त्यातलं एक घ्यायचं आणि निळ्या वहीत लिहून ठेवायचं.

राखीव-७ तू २०११ च्या हंगामात दिव्यासाठी घेतलंस. 'स्क्रू थांबला' हे त्यात लिहिलं जातं, दिवा ते वाचतो. त्यानंतर तीन उन्हाळे तू इथे होतास. उन्हाळ्यात कंट्रोलर महिनोन्‌महिने झोपलेला असतो. त्या तीन उन्हाळ्यांत एकदाही तुला त्याचं नाव बदलून 'दिवा' ठेवावंसं वाटलं नाही? शेजारच्या रकान्यात वर्णन नाही. वहीत नोंद नाही. ऑक्टोबरात मी स्क्रूच्या धुलाईचा प्रोग्राम लिहिला, मला एक राखीव हवं होतं, ७ समोर काही नव्हतं, मी घेतलं. आता दर दोन तासांनी दहा मिनिटं धुलाई चालते आणि 'पाणी बंद झालं' म्हणून त्या फळ्यावर 'हो' लिहिते. दिवा ते वाचून हिरवा होतो. स्क्रू फिरत असला तरी.

समिती १० जानेवारीला बसते. मी एकटीने सांगितलं तर स्वतःची कातडी वाचवते म्हणतील. तू सहीनिशी लिहून पाठव की राखीव-७ तू दिव्याला वापरलंस आणि कुठेही नोंदवलं नाहीस. एवढं केलंस की काकांचं नाव स्वच्छ होईल.

तुझी बहीण, अजून तरी,
लुत्सिना

॰

ओडेन्स, ७ डिसेंबर

लुत्सिना,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काकांसाठी. जेवण गेलं नाही. दुसऱ्यांदा तुझ्या उद्धटपणासाठी.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी नोंद केली होती. निळी वही, माझं अक्षर, काळं पेन. दिवा बसवून झाल्यावर कंट्रोल रूममध्ये उभ्या उभ्या लिहिलं होतं, आणि काका शेजारी सँडविच खात होते. डोळे फाडून बघ.

आणि समजा नसेल केली. तू त्या खुर्चीवर बसण्याआधी मी तुला काय शिकवलं होतं? कुठलंही राखीव घेण्याआधी शोधायचं, की हे व्हेरिएबल प्रोग्राममध्ये आणखी कुठे वापरलंय. एक बटण दाबायचं. अर्धं मिनिट. तेवढा वेळ तुला मिळाला नाही? दारावर पाटी नाही म्हणून तू कुणाच्याही घरात बाडबिस्तरा घेऊन घुसतेस, आणि आतल्या माणसाला लागलं की म्हणतेस, त्याने पाटी का लावली नाही! लहानपणी माझी सायकल खड्ड्यात घातलीस तेव्हाही आईला हेच सांगितलंस: विटेकने ती दारात का ठेवली. तुझं वय चौतीस झालं, बाई. आता तरी हात वर करून मोकळी होऊ नकोस.

मी इथे पशुखाद्याच्या कारखान्यात हेच काम करतो. माझ्या सहीचं असलं पत्र कुठे फिरलं की दुसऱ्या दिवशी माझं टेबल रिकामं. डेन्मार्कची माणसं ओरडत नाहीत, हसून दार उघडून देतात. आग्नीयेष्काला सातवा महिना आहे, हे तुला माहीत आहे.

दिवा तू एव्हाना वेगळ्या व्हेरिएबलवर नेला असशीलच, एवढी अक्कल तुला नक्की आहे. उरलेली वही शोधायला वापर.

विटोल्ड

॰

लिपोवेत्स, १२ डिसेंबर

विटेक,

हातांच्या म्हणी मला लिहू नकोस. निदान या वर्षी तरी.

वही पाहिली. पानन्‌पान पाहिलं. राखीव-६, बॉयलरचा पंप, तुझं अक्षर. त्यानंतर राखीव-८, ट्रकच्या वजनकाट्याचा भोंगा, तुझंच अक्षर. सातचा पत्ता नाही. काका सँडविच खात होते हे तुला बरोबर आठवतं, आणि नोंद मात्र हवेत केलीस. तू नेहमी असाच. डोक्यात काम झालं की तुझ्या लेखी ते झालं. मागे राहिलेल्यांनी तुझ्या डोक्यात शिरून बघावं.

इथे काय चाललंय ते ऐक, तिकडे मेणबत्त्या लावून कॉफी पिता पिता. इरेनाकाकू बेकरीत गेल्या तर रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "आमचा नवरा बाई बाटली घरीच उघडतो, मशीनवर नाही." काकू पाव न घेता परत आल्या. आता शेजारीण आणून देते. काका एकच वाक्य म्हणतात म्हणे, दिवा हिरवा होता, आणि ऐकणारे मान हलवतात, म्हाताऱ्या माणसाची समजूत काढावी तशी.

आणि झारेम्बाने काल मला बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. तेव्हाच ओळखलं. "इंजिनिअर बाई, एक साधा कागद आहे. हंगामाआधी दिवा तपासला होता आणि नीट होता, एवढंच."

मी म्हटलं, "तपासला होता, सप्टेंबरात."

"मग झालं तर. सही करा. माणूस चुकतो हो. मशीनवर खापर फोडलं की मशीन थांबवावी लागते, आणि अंगणात चाळीस हजार टन बीट पडलंय. थंडी वाढली की त्याचा चिखल. शेतकरी तुमच्या दारात ओतून जातील."

तो कागद माझ्या पर्समध्ये आहे. सही केली तर माझी खुर्ची राहते आणि काका मरेपर्यंत निष्काळजी. नाही केली तर विचारतील का नाही, आणि मग धुलाई कोणी लिहिली हे निघेल. तुझी ओळ आली तर दोन्ही टळतं. पोटुशी बायको तुला आहे, पण पोट मलाही आहे.

काका कसे आहेत म्हणून तू विचारलं नाहीस. बरे आहेत असं ऐकते. मला जायला जमलेलं नाही, हंगाम आहे.

लुत्सिना

॰

ओडेन्स, १८ डिसेंबर

लुत्सिना,

सोबत माझं निवेदन. दोन प्रती, दोन्हीवर सही, तुला हवं तेच लिहिलंय: राखीव-७ मी वापरलं, नोंद केली नाही.

तुझ्यावर दया आली म्हणून नाही. तू मला रात्र रात्र जागवलंस म्हणून. मी डोळे मिटून ती वही पुन्हा पुन्हा पाहतो. आधी सात स्पष्ट दिसायचा, ओळीखाली एक रेघही. आता सहा दिसतो, आठ दिसतो, आणि मध्ये काय आहे ते दिसत नाही. तू पानन्‌पान पाहिलंस म्हणतेस. तू आळशी आहेस, उद्धट आहेस, पण कागदावरचं जे असेल ते असतं. म्हणजे मी लिहिलं नसणार. म्हणजे काकांचा हात मी घेतला. असं मान्य करून काल पहिल्यांदा झोप लागली, आणि त्या झोपेचा मला राग आला.

इथल्या साहेबाला मी स्वतःच सांगितलं. तुझ्या समितीकडून कळण्यापेक्षा बरं. तो हसला नाही, पण दार उघडून दिलं. जानेवारीअखेर काम संपतं. आग्नीयेष्का माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशी तर ती जन्मात बोलणार नाही.

हे निवेदन नीट वाच, मोठ्याने वाच, समितीपुढे तर आणखी मोठ्याने. आणि नाताळच्या शुभेच्छा मला पाठवू नकोस.

विटोल्ड

॰

लिपोवेत्स, २८ डिसेंबर

विटेक,

तू हे पत्र वाचून झाल्यावर मला काय म्हणशील ते मी स्वतःला दोन दिवस म्हणते आहे. तरी म्हण.

तुझं निवेदन आलं २३ ला. मी ते पर्समध्ये घेऊन फिरले, झारेम्बाच्या कागदाशेजारी. मला हलकं वाटलं, हे खरं सांगते. २६ तारखेला, सणाच्या दुसऱ्या दिवशी, खसखशीचा रोल घेऊन काकांकडे गेले. अपघातानंतर पहिल्यांदा. त्यांना ते वाचून दाखवावं, ते खूश होतील, माझ्या डोक्यावर हात ठेवतील, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

ते स्वयंपाकघरात बसले होते, बाही पिनेने दुमडलेली. काकूंनी रोल घेतला आणि बाजूला ठेवला. मी निवेदन वाचलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे दिवा हिरवा होता," ते म्हणाले.

"होता, काका."

"हे तुला केव्हा कळलं?"

"एकतीस... नाही, तीस नोव्हेंबरला."

"आज किती तारीख?"

उत्तराची वाट न बघता ते म्हणाले, "माझ्या जागी कोण आहे आता?"

"सेवेरीन. बंद पडलेल्या डेअरीतून आलाय. पन्नाशीचा आहे, कामाचा आहे."

"त्याला दिव्याखाली कोणी उभा केला? हिरवा म्हणजे काय, लाल म्हणजे काय, कोणी सांगितलं?"

"पाळीच्या फोरमनने."

"आणि दिवा दुरुस्त केलास?"

विटेक, तू ७ तारखेच्या पत्रात लिहिलं होतंस, एव्हाना केला असशीलच. मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. मी दुरुस्त केला नव्हता. तिथे एक कागद चिकटवला होता, दिव्यावर विसंबू नका म्हणून, चोथ्याच्या वाफेने तो दोन दिवसांत गळून पडला. मी दुसरा चिकटवला नाही. दिवा वेगळा करायचा तर नवं व्हेरिएबल हवं, वीसच्या वीस राखीव संपलेली, म्हणजे कारखाना थांबवायचा, म्हणजे का थांबवला ते सांगायचं. धुलाई काढून टाकली असती तरी दोन पाळ्यांत स्क्रू तुंबला असता आणि तेच प्रश्न आले असते. तुझं निवेदन येऊ दे, मग करू, असं मी महिनाभर स्वतःला सांगत होते. महिनाभर आपण दोघं भांडलो की चूक कोणाची, आणि दिवा तिथे खोटं बोलत होता.

मी म्हटलं, "काका, हंगाम आहे..."

त्यांनी डाव्या हाताने रोलची थाळी उचलली आणि भिंतीवर मारली. नेम चुकला, सवय नाही ना अजून. कपाटाची काच फुटली. मी त्यांना जन्मात ओरडताना ऐकलं नव्हतं. "मला तुमचे कागद नकोत! तो माणूस तिथे उभा आहे! आत्ता उभा आहे! आणि तू इथे खसखस खायला आलीस? ऊठ! चालती हो!"

मी गेले. गाडी सरळ कारखान्यात. कंट्रोल रूममध्ये कोणालाही न विचारता मुख्य थांब्याचं बटण दाबलं. रोज कानावर असणारा आवाज एकदम गेला. फोरमन धावत आला, त्याने मला आईवरून शिवी दिली, मी ऐकलीही नाही. स्क्रूकडे पळाले.

झाकण उघडं होतं. सेवेरीनचा हात खांद्यापर्यंत आत होता, धुलाईचं तोंड साफ करत होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कशाला थांबवलंत, इंजिनिअर बाई? थांबलेलाच होता की. दिवा बघा ना, हिरवा आहे."

नंतर नोंद पाहिली. मी बटण दाबलं त्याआधी चाळीस सेकंद स्क्रू उभा होता, चोथा साठायची वाट बघत. साठला की आपोआप फिरतो, म्हणून खरा दिवा अशा वेळीही लालच असायला हवा.

मी जमिनीवर बसले, त्या घाणीत, आणि ओकले. सेवेरीनला वाटलं सणाचं जेवण बाधलं.

मग कंट्रोलर उघडला. नवं ग्लोबल व्हेरिएबल जाहीर केलं, 'चोथा_स्क्रू_थांबला', शेजारच्या रकान्यात पूर्ण वर्णन, एकाच जागी लिहिलं जाणारं. दिवा त्यावर नेला. काम किती होतं माहीत आहे? अकरा मिनिटं. कारखाना रांगेला लागायला नऊ तास. झारेम्बा सणाच्या कोटातच आला आणि विचारलं का. मी सांगितलं का. त्याचा कागद त्याच्यासमोर फाडला.

आता तुझं. वहीत नोंद आहे. चौदाव्या पानावर, काळ्या पेनने: 'राखीव-७, चोथा स्क्रूच्या झाकणाचा दिवा, हात लावू नये.' खाली रेघ. मी ती पहिलं पत्र लिहिण्याच्या आदल्या दिवशी पाहिली होती. ऑक्टोबरात ती वही माझ्यापासून तीन पावलांवर टांगलेली होती आणि मी उठले नव्हते. नंतर पाहिली, घरी आणली आणि तुला लिहिलं की नोंद नाही. दोनदा लिहिलं.

तुझं निवेदन मी जाळलं. दोन्ही प्रती. वही काल समितीच्या सचिवाकडे दिली, पावती घेतली.

लुत्सिना

॰

ओडेन्स, २ जानेवारी २०१७

लुत्सिना,

कोरा कागद पाठवणार होतो.

नोकरीचं जाऊ दे. तू माझी आठवण चोरलीस. मी एका रात्री उठून आग्नीयेष्काला सांगितलं की मी माणसाचा हात तोडला. ती रडली. मी माझ्या जन्माला न आलेल्या मुलीसमोर स्वतःला खुनी म्हणालो, आणि तू तेव्हा वही उशाशी घेऊन झोपत होतीस. याला मी माफी देत नाही. वय झाल्यावरही देणार नाही. आईच्या अंत्ययात्रेला आपण एकाच गाडीत बसू, पण तू पुढे आणि मी मागे.

पण १० तारखेला मी येतोय. तुझ्यासाठी येतोय असं समजू नकोस.

तो दिवा मुळात प्रोग्रामवर बसवायचाच नव्हता. मोटरच्या स्विचपासून दिव्यापर्यंत सरळ तार ओढायची होती, म्हणजे मध्ये ना व्हेरिएबल, ना तू, ना मी. एकशे चाळीस मीटर केबल. मी मागितली, झारेम्बा नाही म्हणाला, आणि मी मान डोलावली. सातव्या क्रमांकावर भागवलं, वहीत एक ओळ लिहिली, खाली रेघ ओढली आणि माझ्या हुशारीवर खूश झालो. ओळीने हात वाचत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. समितीपुढे हे मी सांगणार आहे, झारेम्बासमोर, त्याच्या तोंडावर.

आणि तू अकरा मिनिटांचं काम एक महिना केलं नाहीस, ते तू सांगायचंस. मी तुझ्या वतीने एक शब्दही बोलणार नाही.

स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस.

विटोल्ड

॰

लिपोवेत्स, १३ जानेवारी

विटेक,

तू समितीतून थेट स्टेशनवर गेलास, म्हणून हे लिहिते. उत्तर नाही आलं तरी चालेल.

मला त्याच संध्याकाळी काढलं. खुर्चीवरचा कोटसुद्धा चौकीदाराने बाहेर आणून दिला. झारेम्बा अजून आहे, हंगाम संपेपर्यंत असेल म्हणतात. त्याला सरकारी कामगार निरीक्षकांनी केबल ओढायला लावली. काल दिवसभर चार माणसं छतावरून ती ओढत होती. सेवेरीन फाटकापाशी भेटला. माझ्याशी बोलला नाही. त्याला आता सगळं कळलंय. तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला, आणि त्याचं बरोबर आहे.

आज अहवालाची प्रत मिळाली. काकांना डाकेने जाणारच होती, पण मीच घेऊन गेले. काकांनी दार उघडलं ते साखळीएवढंच. मी फटीतून कागद दिला. त्यांनी डाव्या हाताने घेतला, दाराला टेकवून सपाट केला आणि उभ्यानेच वाचला. सावकाश, ओठ हलवत.

मी म्हटलं, "काका, तिसऱ्या पानावर..."

"मला वाचता येतं."

मी थांबले. पायरीवर बर्फ होता. ते तिसऱ्या पानावर आले. मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत ओलावा शोधत होते मी, खोटं कशाला बोलू. नव्हता. नुसता राग होता, महिन्याभराचा, तसाच्या तसा.

"जे होतं ते लिहिलंय," ते म्हणाले. "यात उपकार कसले?"

"काही नाही, काका."

"विटेकला सांग, तो माझ्या दाराशी आला नाही. दोन गल्ल्या पलीकडे बोलून परत गेला. त्यालाही सांग, उपकार नाही."

सांगितलं.

त्यांनी दार लावलं. मी लगेच निघाले नाही. आतून त्यांचा आवाज आला, ते इरेनाकाकूंना वाचून दाखवत होते: "कामगार एउगेनिउश रताय याने सर्व नियमांचे पालन केले होते. दिवा हिरवा होता. त्याची कोणतीही चूक नाही." काकू काहीतरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी तेच पुन्हा वाचलं, अधिक मोठ्याने, आणि मग खिडकी उघडून, गल्लीकडे तोंड करून, तिसऱ्यांदा.

लुत्सिना